एक कट जास्त

कंडक्टरची बस सुटून वर्ष होत आलं होतं, पण कंडक्टर हे नाव काही सुटलं नव्हतं. बसमध्ये तिकिटं द्यायला यंत्र बसलं, दारं आपोआप उघडमीट करू लागली, आणि मधल्या वाटेत उभं राहून "पुढे सरका, पुढे सरका" म्हणणाऱ्या माणसाची कुणाला गरज उरली नाही. साहेबलोकांनी चार गोड शब्द बोलून, चहा पाजून सगळ्या कंडक्टरांना घरी पाठवलं.

घरी बसणं या माणसाच्या पिंडातच नव्हतं. अर्धं आयुष्य हलत्या जमिनीवर उभं राहून काढलेलं, त्यामुळे घरातली न हलणारी फरशी त्याला सोसेना. खोलीतून गॅलरीत, गॅलरीतून स्वयंपाकघरात, तिथून पुन्हा खोलीत. डब्यांची झाकणं उघडून बघ, नळ घट्ट पिळून बघ, खिडकीची कडी वरखाली कर. बायको रुग्णालयाच्या धुलाईखान्यात कामाला होती. दिवसभर चादरी उपसून आल्यावर तिला घरात निवांतपणा हवा असायचा.

"अहो, टेका की जरा कुठेतरी," ती म्हणायची. "तुमच्याकडे बघून माझेच पाय दुखायला लागले."

"मी काय करतोय? उभाच तर आहे."

"तेच तर म्हणतेय."

त्यांची एकुलती एक लेक चिमी. अंगाने काडी, उंचीने बुटकी, पण एकदा मनात घेतलं की घेतलं. कॉलेजात तिचं मन रमलं नाही. कारखान्याच्या वस्तीत एक शिकवणी-वर्कशॉप होतं. लेथवर लोखंड कापायला, घासायला, आटे पाडायला तिथे वर्षभर शिकवत. मशिनिस्ट व्हायचं तिने ठरवलं. आईने तिच्या काडीसारख्या हातांकडे बघितलं आणि वडिलांना म्हणाली, "तुम्ही रिकामेच आहात, सोबत जा. जागा कशी आहे ते बघून या."

कंडक्टर जागा बघायला गेला आणि तिथेच अडकला.

वर्कशॉपचे मास्तर त्याच्याहून वयाने लहान होते, पण तेलाने काळवंडलेल्या बोटांमुळे आणि सावकाश बोलण्यामुळे मोठे वाटायचे. त्यांनी एका लेथवर पितळेचा दांडा लावला, मशीन सुरू केलं आणि कापायचं टूल हळूच पुढे सरकवलं. पितळेचा सोनेरी कीस भुरभुरत खाली पडायला लागला आणि आतून लखलखीत, गोल, नवा दांडा निघाला. कंडक्टर आ वासून बघत राहिला. किती वेळ बघत होता कोण जाणे, पण त्या वेळात त्याचे पाय एकदाही हलले नाहीत, हे चिमीच्या लक्षात आलं. आपल्या बापाला ती पुरती ओळखून होती.

"मास्तर," कंडक्टर म्हणाला, "याला वयाची अट आहे का हो?"

"नाही काका. डोळे, कान आणि हात शाबूत पाहिजेत. आणि धीर."

"बाबा," चिमी दातओठ खात कुजबुजली, "नाही हं. अजिबात नाही."

पण तोवर तो नाव सांगून मोकळा झाला होता.

चिमीने त्याच संध्याकाळी अट घातली. वर्कशॉपच्या दारातून आत गेलं की मी तुम्हाला ओळखत नाही. हाक मारायची नाही, डबा एकत्र खायचा नाही, माझ्या मशीनपाशी यायचं नाही. कंडक्टरने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी वर्गात वाट अडवून उभा राहिलेल्या बापाला ती म्हणाली, "काका, जरा सरकता का?" बाकीची पोरं त्याला काकाच म्हणत होती, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. कंडक्टर मात्र भिंतीकडे तोंड करून इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं.

चिमीला मशीनपुढे उभं राहायला मास्तरांनी लाकडी फळी ठेवून दिली. त्या फळीवर ती चढली की जगाशी तिचा संबंध तुटायचा. टूल लोखंडाला टेकलं की आवाज कसा येतो, कट खोल गेला की कसा बदलतो, ती कान देऊन ऐकत राहायची.

कंडक्टरचं उलटं. कापायला सुरुवात करताना त्याला भारी हुरूप यायचा, पण एक कट या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ माणसाने नुसतं बघत उभं राहायचं, हे त्याच्या पचनी पडेना. मशीन आपोआप पुढे सरकतंय, मग मी कशाला? तो शेजाऱ्याच्या जॉबमध्ये, म्हणजे कापायला लावलेल्या तुकड्यात, डोकावायचा, खिडकीतून रस्ता बघायचा, कुणाचं तेल संपलं असेल तर आणून द्यायचा. मास्तर ओरडायचे, "काका, चालू मशीन सोडून जायचं नाही!" की हा परत यायचा, दोन मिनिटं खांबासारखा उभा राहायचा आणि पुन्हा त्याच्या टाचा उचलायला लागायच्या.

एकदा व्हायचं तेच झालं. मशीन आपोआप चालायला लावून तो कोपऱ्यातल्या पोराला काहीतरी गंमत सांगायला गेला. गंमत रंगली. इकडे टूल सरकत सरकत दांडा संपवून थेट त्याला जबड्यात धरून फिरवणाऱ्या चककडे निघालं. चकच्या जबड्यांना टूल भिडलं असतं तर तुकडे सगळ्या खोलीभर उडाले असते. चिमीला पाठमोरी असतानाही आवाज वेगळा लागला. ती फळीवरून उडी मारून धावली आणि बापाच्या मशीनचं लाल बटण तिने हाताच्या पंजाने दाबलं. चक गरगरत थांबलं. टूल आणि जबडा यांच्यात बोट शिरेल एवढीच फट होती.

सगळी पोरं आपापली मशीनं थांबवून बघायला लागली.

"बाबा!" चिमी किंचाळली. "तुम्हाला कळतं का काही?"

अशा रीतीने ती त्याची मुलगी असल्याचं सगळ्यांना समजलं.

मास्तरांनी आवाज चढवला नाही. त्यांनी लोखंडाचा एक ओबडधोबड ठोकळा टेबलावरच्या पकडीत आवळला, कंडक्टरच्या हातात कानस दिली आणि म्हणाले, "काका, हा हाताने घासून सपाट करायचा. वर पट्टी धरली की खालून उजेड दिसता कामा नये. तोवर लेथला हात लावायचा नाही."

त्या ठोकळ्याने त्याला रडकुंडीला आणलं. एक बाजू घासली की दुसरी उंच राहायची, मध्ये घासलं की कडा वर यायच्या. घाई केली की कानस घसरायची आणि पहिल्यापासून सुरुवात. सोडून द्यावं असं रोज वाटायचं. रोज संध्याकाळी तो बायकोला म्हणायचा, "उद्या काही मी जात नाही," आणि सकाळी चिमीच्या आधी चपला घालून तयार असायचा. हात भरून आले, मान आखडली. पण हळूहळू त्याच्या ध्यानात यायला लागलं की घासताना तळहाताला काहीतरी कळतं. उंचवटा कुठे आहे ते डोळ्याच्या आधी हाताला कळतं. पट्टीखालचा उजेड बंद झाला त्या दिवशी मास्तर नुसतं "हं" म्हणाले आणि त्यांनी लेथकडे बोट केलं.

त्यानंतर कंडक्टर बदलला म्हणावं तर तसंही नाही. टाचा अजून उचलायच्या, चित्त अजून पाखरासारखं उडायचं. फक्त आता तो चालू मशीन सोडत नव्हता. आतली सगळी घालमेल आतच दाबून एका जागी उभा राहायचा, त्या दाबण्याने त्याला घाम फुटायचा, आणि जॉब मात्र चांगले निघायला लागले होते.

वर्ष सरत आलं तेव्हा पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्याकडून निरोप आला. एक शिकाऊ मशिनिस्ट हवा, टिकला तर कायम करू. मास्तरांनी पाठवायला दोन नावं निवडली आणि वर्गात वाचून दाखवली. पहिलं चिमीचं होतं. दुसरं ऐकून कंडक्टरने मागे वळून बघितलं, आपल्याच नावाचा आणखी कुणी आहे की काय म्हणून.

घरी आईने कपाळाला हात लावला. "घ्या! आता बापलेकीची झुंज लावा."

"झुंज कसली?" चिमी म्हणाली. "ज्याचा जॉब चांगला, तो जाईल."

"आणि दुसरा?"

"दुसरा पुढच्या वेळी." ती वर बघून म्हणाली, "बाबा, तुम्ही मन लावून करा हं. मी पण करणारे."

कंडक्टरने मान डोलावली. पण त्याला जेवण गेलं नाही.

चाचणी वर्कशॉपमध्येच होती. कारखान्यातून तपासणीच्या बाई आल्या होत्या. बारीक कापलेले पिकले केस, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, बोलणं तुटक. त्यांनी पिशवीतून एक पोलादी कडं काढून टेबलावर ठेवलं. प्रत्येकाने एक दांडा कापायचा. हे कडं त्यावर हाताने सरकलं पाहिजे, पण बसल्यावर हललं नाही पाहिजे. बस, एवढंच. ज्याच्या दांड्यावर कडं बरोबर बसेल तो आमचा.

शेजारशेजारच्या लेथवर बाप आणि लेक उभे राहिले. कंडक्टरने त्या दिवशी जसं काम केलं तसं आधी कधीच केलं नव्हतं. हात आपसूक चालत होते. शेवटच्या कटनंतर त्याने मशीन थांबवलं, दांडा पुसला आणि मायक्रोमीटर लावला. माप जिथे यायला हवं तिथेच आलं होतं. त्याने पुन्हा मोजलं. तेच. त्याच्या छातीत आनंदाचं कारंजं उडालं, आणि त्याच क्षणी त्याने शेजारी बघितलं.

चिमी फळीवर वाकलेली होती. खालचा ओठ दातात धरलेला, कानशिलावर घाम, केसांची बट डोळ्यावर आलेली. तिचा कट अजून चालू होता. लहानपणी ताप आला की ती असाच ओठ चावायची. कंडक्टरला वाटलं, आपलं काय, आपण अर्धं आयुष्य काढलं. हिची तर आत्ता सुरुवात आहे. पुढचा विचार त्याने केलाच नाही. मशीन पुन्हा सुरू केलं, चाक किंचित फिरवलं आणि चांगल्या झालेल्या दांड्यावरून एक बारीक कट आणखी घेतला.

शेजारच्या लेथवर चिमीचा हात क्षणभर थांबला. मग पुन्हा चालू लागला.

बाईंनी दोन्ही दांडे तपासले. चिमीच्या दांड्यावर कडं सरकलं आणि घट्ट बसलं. कंडक्टरच्या दांड्यावर ते खुळखुळलं.

"ठरलं तर," बाई चिमीला म्हणाल्या. "उद्या सकाळी ये."

मास्तरांनी कंडक्टरचा दांडा हातात घेऊन फिरवला, त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि तो टेबलावर ठेवून दिला.

घरी जाताना चिमी पुढे आणि कंडक्टर मागे. ती इतकी भराभर चालत होती की त्याला धाप लागली. "अगं, थांब की. पेढे तरी घेऊ," तो म्हणाला. तिने वळूनही बघितलं नाही. घरात शिरल्यावर मात्र तिचा बांध फुटला.

"तुमचा दांडा झाला होता. तुम्ही मोजलात, पुन्हा मोजलात, आणि मग एक कट जास्त घेतलात. मला ऐकू आलं."

"छे गं, जरासा अंदाज चुकला—"

"बाबा, खोटं बोलू नका! तुम्हाला काय वाटलं, बस आहे ही? लेकुरवाळी बाई चढली, दिली सीट सोडून?" तिचा आवाज फाटला. "आता मला आयुष्यभर कळणार नाही की मी स्वतः पास झाले का तुम्ही मला बसवलंत."

"तुझ्यासाठीच केलं ना मी!"

"मी मागितलं होतं?"

आई हात पुसत दारात येऊन उभी राहिली होती. तिला सगळं समजायला वेळ लागला नाही. "अहो," ती शांतपणे म्हणाली, "तिला विचारलं होतंत का?"

त्या संध्याकाळी तो गॅलरीत गेला, आत आला, पुन्हा गेला. त्याने पंख्याचं बटण चारचारदा चालूबंद केलं. एकीकडे वाटायचं, पोरगी कृतघ्न आहे. दुसरीकडे वाटायचं, हिच्या जागी मी असतो तर? मास्तरांनी माझा ठोकळा चोरून घासून दिला असता तर मला चाललं असतं का? हा विचार आला की तो बसलेल्या जागेवरून उठायचा. बायकोने त्या दिवशी त्याला टेका म्हटलं नाही.

सकाळी तो उठला तर चिमी घरात नव्हती.

"कारखान्यात गेली," बायको म्हणाली. "बाईंना खरं काय ते सांगणार आहे. तुम्ही उठायच्या आधीच आंघोळ उरकून गेली."

कंडक्टर शर्टाची बटणं लावत जिना उतरला. रस्त्याने अक्षरशः पळत सुटला. कारखान्याच्या फाटकापाशी पोचला तेव्हा चिमी तपासणीच्या बाईंसमोर उभी होती आणि बाईंचा चेहरा चांगलाच तापलेला होता.

"म्हणजे मला कालची सगळी दुपार फुकट घालवायला लावलीत," बाई म्हणत होत्या. मग त्यांना धापा टाकत येणारा कंडक्टर दिसला. "हेच का ते दानशूर?"

"चूक माझी आहे, मॅडम," कंडक्टर म्हणाला. "तिला ठेवा. तिचा जॉब चोख होता."

"तुम्ही मध्ये बोलू नका, बाबा."

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "पुन्हा करा. आत्ता. आमच्या मशीनवर. आणि एक ऐका, कुणी मुद्दाम बिघडवलं असं मला नुसतं वाटलं, तरी दोघंही घरी. मला गावभर माणसं मिळतील."

कारखान्याच्या आत एवढा आवाज होता की स्वतःचा विचारही ओरडून करावा लागेल. त्यांना दिलेली दोन्ही मशीनं जुनी, वापरून गुळगुळीत झालेली. चिमीला इथे फळी नव्हती. तिने कोपऱ्यातलं एक लाकडी खोकं ओढून आणलं. कंडक्टरने दांडा बसवला. आता हरायचं स्वातंत्र्यच उरलं नव्हतं. जिंकलो तर लेकीची जागा घेतली, मुद्दाम हरलो तर दोघांचीही घालवली. तेव्हा नीट काम करणं एवढंच हातात राहिलं. आणि ते करता करता त्याला काहीतरी विचित्र व्हायला लागलं. त्याला जिंकावंसं वाटायला लागलं. मनापासून, लाज वाटावी इतकं. चिमीकडे त्याने एकदाही बघितलं नाही.

माप आलं. त्याने पुसून पुन्हा मोजलं. तेच आलं. त्याने दांडा टेबलावर ठेवला आणि बाईंच्या हातातल्या कड्याकडे बघत राहिला.

चिमीच्या दांड्यावर कडं सरसर गेलं आणि बसलं. कंडक्टरच्या दांड्यावर ते सरकलं, अर्ध्यापर्यंत गेलं, आणि तिथेच अडकलं.

बाईंनी दांड्याच्या दोन्ही टोकांना मायक्रोमीटर लावून त्याला दाखवला. दांडा एका टोकाला किंचित जाड होता, केसाइतका. "एकाच जागी मोजलंत तुम्ही," त्या म्हणाल्या. "जुनं मशीन आहे, दांड्याला मागून धरणारा आधार थोडा कलतो. हिने दोन्हीकडे मोजून आधी आधार सरळ केला." मग चिमीकडे वळून म्हणाल्या, "चल, तुला जागा दाखवते."

चिमीने बापाकडे बघितलं. तिला हसू फुटत होतं आणि ती ते दाबत होती. त्यानेही हसून हात हलवला.

फाटकाबाहेर आल्यावर हसू उतरलं. काल स्वतःहून हरला तेव्हा त्याला काही बोचलं नव्हतं, उलट आतून ऊब वाटली होती. आज खरोखरच हरला आणि चांगलंच बोचलं. पोटच्या पोरीचा हेवा! तो रस्त्याच्या कडेला थांबला, पुन्हा चालू लागला, मोठ्या आवाजात स्वतःलाच म्हणाला, "एकाच जागी मोजलं, गाढवा!" समोरून येणारा माणूस दचकून बाजूला झाला. कंडक्टर वेगळ्या रस्त्याने, लांबून लांबून फिरत घरी गेला. पोचला तेव्हा बायको कामावर निघून गेली होती आणि त्याच्यासाठी डबा झाकून ठेवलेला होता. तो उभ्याउभ्याच जेवला.

संध्याकाळी चिमी आली ती बडबडतच. तिथलं मोठं मशीन, तिथला फोरमन, तिथल्या चहाची चव. कंडक्टर ऐकत होता. शेवटी त्याला राहवेना.

"तुला कळलं होतं ना, मशीन कलतंय ते?"

"पहिल्याच कटला."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

चिमीने चपला काढता काढता त्याच्याकडे बघितलं. "परीक्षा होती, बाबा."

आधी बायको हसली. पदराने तोंड दाबून, पण खांदे हलत होते. मग चिमी. कंडक्टरने रागावून बघण्याचा बराच प्रयत्न केला. मग तोही हसला, पण पूर्ण नाही. बोच होतीच आणि ती पुढे कितीतरी दिवस राहिली.

त्या बोचेनेच त्याला पुन्हा वर्कशॉपमध्ये नेलं. मास्तरांनी रिकाम्या वेळात एक लेथ वापरायला दिला. सुट्टीच्या दिवशी चिमी सोबत यायची आणि वर्षभर ज्याला ओळख दाखवली नव्हती त्या बापावर सगळ्यांसमोर खेकसायची. "दोन्ही टोकांना मोजा. आधी मोजा, मग खूश व्हा." तो तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा आणि मोजायचा.

पुढे एका लहानशा दुरुस्ती-वर्कशॉपने त्याला चाचणीला बोलावलं. तिथे झिजलेले शाफ्ट आणि तुटलेले सांधे यायचे. चिमी म्हणाली, मी येते. तो म्हणाला, नको. एकटा गेला, सबंध दिवस तिथे राहिला आणि तिन्हीसांजेला परतला. बायको आणि लेक दोघी दारातच होत्या.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"पहिला जॉब बिघडला," तो म्हणाला. "मालक म्हणाला, कसा बिघडला ते सांगा. मी सांगितलं. मग म्हणाला, दुसरा करा."

"आणि?"

"सोमवारपासून या म्हणाला." तो आत आला, खुर्चीपाशी गेला, बसला नाही. "पण तो लेथ मला पटला नाही गं, चिमे. त्याच्या बेअरिंगमधून आवाज येतो. मालकाला सांगू का नको? पहिल्याच दिवशी सांगितलं तर शहाणा समजेल."

"कसला आवाज?" चिमीने विचारलं.

कंडक्टरने तोंडाने तो आवाज काढून दाखवला. चिमीने डोळे मिटून ऐकला आणि म्हणाली, "पुन्हा काढा."